आधी पुसा, मग मोजा

२९ ऑक्टोबर
जहाजावरून

ती. आत्या,

साष्टांग नमस्कार घालणार होते, पण इथे बर्फावर आडवं पडलं तर नाक तिथेच चिकटून राहील. म्हणून उभ्यानेच करते, गोड मानून घे.

पोचले. निघताना तू दम दिला होतास, "पत्र लिही, फोनवरच्या तीन शब्दांनी माझं पोट भरत नाही." तसंही इथून विद्यार्थ्यांना आठवड्याला चार ओळींचा निरोप धाडता येतो. तो मी आईला धाडते आणि चारही ओळींत मी जेवले एवढंच असतं. पत्रं मात्र रसद घेऊन येणाऱ्या विमानातून जातात, तेव्हा हवं तेवढं बोलता येतं.

जहाज म्हणजे आपल्या कॉलेजची इमारत पाण्यात आणून ठेवलेली समज. ते मुद्दाम बर्फात रुतवलंय. इंजिन बंद. आता वारा आणि पाणी बर्फाला जिकडे नेतील तिकडे आम्ही. झोपताना एका जागी असतो, उठतो तेव्हा दुसऱ्या. पत्ता विचारशील तर 'आर्क्टिक समुद्र, बर्फ सांगेल तिथे' एवढंच सांगता येईल.

तीन देशांची तीन विद्यापीठं, आणि बर्फावर तिघांना एकेक पट्टा नेमून दिलाय, साधारण आपल्या बैठकीच्या खोलीएवढा. एक माझा. दुसरा यजमान विद्यापीठाच्या मुलीचा. ती इतकी उंच आहे की मी तिला मनातल्या मनात बगळी म्हणते. तिसरा एका मुलाचा, तो बोलतच नाही, म्हणून मौनी. आमच्या सगळ्यांवर एक दाढीवाले सर.

मोजायचं कसं ते सांगते, तुला आवडेल. बर्फाला आरपार भोक पाडून तार सोडलेली असते, तिच्या खालच्या टोकाला आडवी दांडी. तार बर्फात गोठून बसते. मोजताना तारेतून वीज सोडायची, ती तापते, भोवतीचा बर्फ सुटतो, मग तार वर ओढायची. दांडी बर्फाला खालून टक्कन अडते, की आकडा घ्यायचा. तो 'टक्क' हाताला जाणवतो ना, तेव्हा वाटतं समुद्राने आतून दार वाजवलं.

आणि हो, तुझा नियम पाळते. प्रयोगशाळेच्या भिंतीवर तू रंगाऱ्याकडून लिहून घेतलंयस ना, 'आधी पुसा, मग मोजा', तो. इथे समुद्राचं पाणी गोठून होतो तो बर्फ आणि वरून भुरभुरतं ते हिम, असा भेद करतात. हे हिम रोज माझ्या पट्ट्यावर साचतं. मी आचाऱ्याकडून झाडू मागून घेतलाय. रोज सकाळी पट्टा झाडून लख्ख करते, मगच तारेला हात लावते. बगळी आणि मौनी घोटाभर हिमात उभे राहून तसेच मोजतात. ढिसाळ आहेत, पण स्वभावाने गोड.

सकाळी उठायचे मात्र हाल आहेत. घंटा होते, पण घंटेला काही तुझ्यासारखं अंगावरचं पांघरूण ओढून नेता येत नाही.

करार लक्षात आहे. हा हिवाळा धड गेला तर दर वर्षी आपल्या विभागातली दोन मुलं इकडे, इकडची दोन तिकडे, आणि माझी पदवी दोन्ही विद्यापीठांची मिळून. मी बोटभरही चुकणार नाही. विभागाचं काय चाललंय?

तुझी,
भिंगरी


२४ नोव्हेंबर

चि. भिंगरी,

आशीर्वाद दुप्पट पाठवतेय, अर्धे वाटेत गोठतील असा हिशेब धरून.

तुझं पत्र घरात हातोहात फिरलं. दादा, म्हणजे तुझे बाबा, झाडूच्या ओळीपाशी अडकले. "आमच्या घरात हिच्या हातात झाडू मी पाहिला नाही. त्यासाठी ध्रुवापर्यंत पाठवावं लागलं?" वहिनी म्हणाली, "सासरी गेली असती तरी इतकी शहाणी झाली नसती." मी दोघांकडे दुर्लक्ष केलं. शाब्बास गं! भिंतीवरची अक्षरं कुणीतरी सोबत घेऊन गेलं म्हणायचं. इथली पोरं त्या वाक्याखाली उभी राहून धुळकट काचेतून आकडे घेतात.

आता माझे प्रश्न. समुद्र खारट, मग त्याचा बर्फ खारट लागतो की नाही? बर्फाच्या खालच्या अंगाला थंडी किती असते, वरच्यापेक्षा कमी की जास्त? त्याला आवाज असतो का? आणि एवढा बर्फ पाण्यावर असताना माणसाला खाली समुद्र आहे याचा विसर पडतो का? शेवटचा प्रश्न पदार्थविज्ञानाचा नाही, पण उत्तर दे.

कुलगुरूंना भेटले. ते म्हणाले, "मॅडम, आपल्याकडे बर्फ सरबतात असतो. त्यावर पदवी कशाला?" मी म्हटलं, "सर, चंद्रावर आपलं कोण राहतं? तरी मागच्या वर्षी दुर्बीण घेतलीच की, आणि फीत तुम्हीच कापलीत." हसले. पण सही केली नाही. मार्चमध्ये विद्या परिषदेपुढे विषय येईल म्हणतात.

विभागाचं चाललंय.

कान झाकत जा.

आत्या


२० डिसेंबर
बर्फावर, कुठेतरी

ती. आत्या,

तुझ्या प्रश्नांची उत्तरं द्यायला मी बर्फ चाटला. जीभ वाचली. नवा बर्फ खारट लागतो. गोठताना पाणी मीठ बाहेर ढकलत जातं, बरंचसं खाली समुद्रात उतरतं, पण थोडं बर्फातच केसासारख्या नळ्यांत अडकून बसतं. दोन-तीन उन्हाळे पाहिलेला बर्फ मात्र गोडा असतो, आचारी त्याचा चहासुद्धा करतो. खालच्या अंगाला थंडी फार कमी, कारण तिथे समुद्राचं पाणी आहे. वरच्या अंगाला विचारूच नकोस. सगळी थंडी वरून आत शिरते आणि बर्फ खालून वाढतो. हे तू वर्गात शिकवलं होतंस, पण दांडी हाताला अडल्याशिवाय मला पटलं नव्हतं म्हण.

आवाज असतो. जुन्या दाराच्या बिजागरीसारखा करकरतो, मध्येच एकदम गप्प. गप्प झाला की खाली समुद्र आहे ते आठवतं. हे तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर.

आता सूर्य उगवतच नाही. दुपारी बारालाही डोक्यावर दिवा बांधून कामाला जातो. घरची आठवण वगैरे काही येत नाही, आईला तसं सांग.

आणि आता खरी गंमत. माझ्या पट्ट्यातला बर्फ बाकी दोघांपेक्षा जाड होतोय! आधी बोटभर फरक होता, मग तीन बोटं झाला, आता सहा. सेंटिमीटर तिकडे तक्त्यात आहेत, तुला बोटांत सांगते म्हणजे डोळ्यांपुढे येईल. एकच समुद्र, तीच थंडी, हाकेच्या अंतरावरचे पट्टे, आणि माझाच फुगतोय. तार तीनदा तपासली. नाचता येईना अंगण वाकडं, असं होऊ नये म्हणून दुसरं भोक पाडून दुसरी तार सोडली. तिचाही आकडा तोच. माझ्या पट्ट्याखालून एखादा गार पाण्याचा झोत जात असेल का? मी रोज त्याच विचारात झोपते आणि त्याच विचारात उठते. पट्टा तर हल्ली दोनदा झाडते, कुठे काही नजरेतून सुटायला नको म्हणून.

बगळीला दाखवलं तर म्हणाली, "छान चाललंय तुझं." दाढीवाल्या सरांना दाखवलं. ते म्हणाले, "मजेशीर आहे. चालू ठेव." एवढंच! इथली माणसं शब्द मोजून देतात. ते खूश आहेत की नाही, कळायला मार्ग नाही.

अजून कुणाला सांगू नकोस. कारण सापडेपर्यंत आकडा म्हणजे नुसता गलका, हे तुझंच वाक्य.

तुझी,
भिंगरी


१४ जानेवारी

चि. भिंगरी,

आधी एक गोष्ट कबूल करते. 'कुणाला सांगू नकोस' हे मी वाचलं होतं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं होतं. आणि तरी सांगितलं.

विभागाचं 'चाललंय' असं मी लिहिलं होतं, ते खोटं होतं. मुलं कमी येतात म्हणून आपला विभाग जूनपासून रसायनवाल्यांत मिसळायचा आणि आपल्या प्रयोगशाळेत परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवायचे, असं ठरत आलंय. करार झाला तर विभाग राहतो, नाहीतर नाही. तुझ्या डोक्याला तिकडे घोर नको म्हणून बोलले नव्हते. परवा कुलगुरू फाईल मिटायला लागले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आमच्या मुलीच्या पट्ट्यात बर्फ जाड होतोय आणि का ते जगात कुणाला माहीत नाही."

फाईल पुन्हा उघडली गं! एवढंच नाही, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी. कात्रण सोबत आहे. 'ध्रुवावरचा बर्फ वाढतोय. आपल्या विद्यार्थिनीचा शोध.' मी 'एका पट्ट्यात' म्हटलं होतं, छापताना पट्टा गळाला. तुझा फोटो बारावीतला छापलाय, दादांनी दिला. वहिनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना दाखवत फिरतेय. मार्चमध्ये करारावर सह्या, मोठा समारंभ, तिकडच्या लोकांना आमंत्रण.

मला जरा धाकधूक आहे, नाही असं नाही. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशी माझी गत झाली. पण तू कारण शोधशील. गार झोताचं मलाही पटतं. पट्ट्याच्या कडेला आणि मध्यभागी जाडी वेगळी आहे का, बघ. झोत असेल तर एका बाजूला जास्त भरेल.

या वयात मला रात्री झोप लागत नाही ती काळजीने, असं वहिनीला वाटतं. खरं म्हणजे कुतूहलाने लागत नाही. त्या बर्फाखाली काय चाललंय?

आत्या


१० फेब्रुवारी

आत्या,

आधी बस. पाणी पी. मग वाच.

तुझं पत्र आणि कात्रण आज आलं. वाऱ्यामुळे विमान परवापर्यंत अडकलंय, म्हणून लगेच लिहितेय.

झोत वगैरे काही नाही. तो झाडू आहे.

जानेवारीच्या अखेरीला मी घसरले आणि घोटा मुरगळला. आईला कळू देऊ नकोस, आता चालते. पण आठवडाभर खोलीत पडून होते. माझे आकडे बगळी घ्यायची. वादळ होतं, बाहेर हिम नुसतं ओतत होतं. एका संध्याकाळी मला हुडहुडी भरली. बगळीने स्वतःची रजई काढून माझ्या रजईवर घातली आणि त्या दिवशीचा आकडा सांगितला. म्हणाली, "तुझा बर्फ या आठवड्यात वाढायचाच थांबल्यासारखा झालाय." मला बरं वाटत होतं, छान ऊब आली होती. आणि त्या उबेतच मी ताडकन उठून बसले.

आत्या, हिम म्हणजे बर्फाचं पांघरूण गं. त्याच्या आत हवा असते, ते वरची थंडी बर्फात जाऊ देत नाही. मी रोज सकाळी, आणि डिसेंबरपासून दोनदा, त्याचं पांघरूण ओढून काढत होते. उघडा पडला म्हणून तो गोठत राहिला आणि फुगत गेला. हे मला माहीत होतं! परीक्षेत लिहिलं होतं, तू मला त्याचे पुरते मार्क दिले होतेस. पण हातात झाडू आला की समोरचं सगळं केर दिसायला लागतं.

पुढचं ऐक. मी बगळीला विचारलं, "मी झाडते ते तू रोज बघत होतीस, बोलली का नाहीस?" तर ती गोंधळली. म्हणाली, "तुमच्या विद्यापीठाचा तोच प्रयोग आहे ना? हिम काढलं तर बर्फ किती वाढतो, हा?" रोजच्या तक्त्यात हिमाच्या जाडीचा एक रकाना असतो. त्यात मी इमानदारीने शून्य भरत होते. सगळ्यांनी ती शून्यं पाहिली आणि वाटून घेतलं की एवढ्या लांबून आलेली मुलगी रोज झाडतेय म्हणजे काहीतरी योजना असणार. मौनीलाही तेच वाटलं. दाढीवाल्या सरांचं 'मजेशीर आहे' तेही त्यावरच. दुसऱ्याच्या पट्ट्यात नाक खुपसायचं नाही, हा इथला शिष्टाचार. सगळे इतके सभ्य की एकानेही विचारलं नाही, बाई, हे काय करतेस?

म्हणजे चूक झाली हे जगात फक्त मला आणि आता तुला माहीत आहे. मी गप्प राहिले तर ती चूक नाही, प्रयोग आहे. आकडे खरेच आहेत. पदवी वाचते, करार वाचतो, विभाग वाचतो. गप्प बसायचं, एवढंच काम.

झाडूचं उमगल्यापासून जेवण जात नाही. आईच्या चार ओळींत मात्र जेवले असंच लिहिलंय.

काय करू?

भिंगरी


२२ फेब्रुवारी

भिंगरी,

काही करू नकोस. गप्प बस.

तो प्रयोगच होता असं धर. कितीतरी शोध असेच लागलेत, करायला गेले एक आणि झालं भलतंच. आधी ठरवलं की नंतर, बर्फाला काय फरक पडतो? त्या लोकांना प्रयोग वाटला, तर वाटू दे. मी इथून जुन्या तारखेचं एक टिपण तयार करते, योजनेचं. सह्या होऊ देत. माझी ही प्रयोगशाळा गठ्ठ्यांचं गोदाम झालेली मला बघवणार नाही.

चूक माझ्या भिंतीवरच्या वाक्याची आहे, तुझी नाही. तेव्हा निर्णयही माझाच.

आत्या


२५ फेब्रुवारी

चि. भिंगरी,

तीन दिवसांपूर्वीचं पत्र फाडून टाक. ते टपालात पडलं, नाहीतर मीच फाडलं असतं.

काल पहिल्या वर्षाच्या पोरांचं प्रात्यक्षिक होतं. एक मुलगी आली, चुणचुणीत आहे. म्हणाली, "मॅडम, मी काटा चुकीचा वाचला होता, पण उत्तर पुस्तकाशी जुळतंय. ठेवू?" मी विचारही न करता म्हणाले, "खोड. आणि चुकलं ते बाजूला लिही." ती गेली खोडायला. मी तशीच उभी राहिले. माझाच आवाज मला ऐकू आला आणि लाज वाटली गं. जुन्या तारखेचं टिपण करणार होते मी! टेबलावर कोरा कागद काढूनही ठेवला होता.

तिथून तडक कुलगुरूंकडे गेले. सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "म्हणजे बर्फ वाढत नाही?"

"वाढतो, सर. झाडला तर."

त्यांनी पेन उघडलं. मग अगदी गंभीरपणे म्हणाले, "अख्खा समुद्र झाडायला किती माणसं लागतील?"

मला हसू फुटलं, आणि तिथेच सगळं बिनसलं. करार मार्चच्या यादीतून काढला. समारंभ रद्द. वर्तमानपत्राला खुलासा दिलाय, तो शेवटच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरांत आला. वहिनीला शेजारणीने तोच नेमका वाचून दाखवला. दादा म्हणाले, "झाडू हातात घेतला तेव्हाच मला शंका आली होती."

तू तुझ्या सरांना सांग. पदवी लांबली तर लांबली. माझ्यासाठी काही राखायचा प्रयत्न करू नकोस.

घोटा कसा आहे? वहिनीला बोललेले नाही.

आत्या


१६ मार्च
बर्फावर

ती. आत्या,

दोन्ही पत्रं एकाच पिशवीतून आली आणि मी दुसरंच आधी उघडलं. त्यामुळे पहिलं वाचताना मला तू दिसत होतीस, तो कोरा कागद पुढ्यात घेऊन बसलेली. रागावले नाही. फाडलं नाही. तुझ्या हातचं इतकं वाईट अक्षर मी कधी पाहिलं नव्हतं.

आणि ऐक, मी तुझ्या उत्तरासाठी थांबले नव्हते. तुला पत्र टाकलं, विमान उडालं, आणि मी तडक सरांच्या खोलीत गेले. सांगून टाकलं. त्यांनी माझ्या शून्यांचा रकाना पुन्हा एकदा पाहिला. मग हसायला लागले, इतके की दाढी पुसावी लागली. म्हणाले, "तीन विद्यापीठं, एवढं मोठं जहाज, आणि आम्ही एकमेकांना 'का?' म्हणून विचारायला लाजलो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी जेवणाच्या टेबलाभोवती सगळ्यांना बसवलं आणि विचारलं, तुम्ही न सांगता काय काय करता? आत्या, काय काय निघालं! बगळी घसरगाडी रोज पट्ट्यावरून ओढत नेते, त्यांच्याकडे तशीच रीत. त्यामुळे तिचं पांघरूण दबून पातळ झालंय. आणि मौनी, जो बोलत नाही, तो बोलला. वारा लागू नये म्हणून त्याने पट्ट्याशेजारी हिमाची भिंत रचलीय, त्या भिंतीआड हिम दुप्पट साचतं. म्हणजे माझा बर्फ उघडा, बगळीचा चादरीत, मौनीचा दोन रजयांत. आणि आम्ही तिघं आपापले आकडे शेजारी ठेवून समुद्राचं कोडं सोडवत होतो!

आता नवे तीन पट्टे आखलेत, त्यांना कुणी हात लावायचा नाही. जुना माझा पट्टा मात्र ठरवून झाडायचा, असं सर म्हणतात. पण झाडायची पाळी तिघांची. मौनी झाडताना बघायला हवीस तू.

किंमतही सांगते. माझा हिवाळा सामायिक नोंदींतून वगळलाय. बरोबरच आहे. पदवीला एक वर्ष जास्त लागेल. त्या रात्री रडले. बगळी बाजूला बसून राहिली, तिने काही विचारलं नाही, मग एकदम म्हणाली, "आता विचारायला हवं ना? का रडतेस?" त्यावर हसूच आलं.

मी तिला भिंतीवरचं वाक्य सांगितलं होतं. तिला तुला भेटायचंय. तुझ्या प्रयोगशाळेत थंड पेटीत बर्फ करून त्यावर कमीजास्त पांघरुणं घालून बघता येईल का, असं विचारतेय. म्हणते, समुद्रावर एका वेळी एकच हिवाळा मिळतो, पेटीत हवे तेवढे करता येतील. सरांनी कुलगुरूंना तसं पत्र धाडलंय. मला आशा लावायची नाही, तुलाही लावत नाही.

सूर्य आला. पहिल्या दिवशी नुसती कड दिसली. सगळे काम टाकून बघत उभे राहिलो.

तुझी,
भिंगरी


१८ नोव्हेंबर

चि. भिंगरी,

तू तिकडच्या वसतिगृहात बगळीच्या खोलीत राहतेस आणि बगळी इकडे तुझ्या खोलीत. अदलाबदल झाली, पण हिशेब काही जुळत नाही. तिचे पाय तुझ्या पलंगात मावत नाहीत.

विभागाची पाटी जुलैत उतरली. रसायनवाल्यांची मोठी झाली. मी खाली उभी राहून बघत होते, शिपायाने शिडीवरून विचारलं, "मॅडम, पाटी घरी नेता का?" नेली. माळ्यावर आहे. पण प्रयोगशाळा राहिली. बाहेरून एक मुलगी शिकायला येणार म्हटल्यावर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे जिन्याखाली गेले. करार झालाय, मोठा नाही. दोघींपुरता, दोन वर्षांपुरता. पुढचं पुढे. मी तर मेमध्ये निवृत्तच होतेय. सहीच्या दिवशी कुलगुरूंनी बगळीबरोबर फोटो काढून घेतला, त्यात ते तिच्या कोपराला लागतात. तिला म्हणाले, "आमच्या मॅडमनी मला बर्फाचं सगळं समजावलंय." या वेळी मी हसू दाबलं.

थंड पेटी चालू झाली. पोरं आपणहून येऊन बसतात, उठवलं तरी उठत नाहीत. बगळी त्यांना सारखं विचारते, हे का करतोस, ते का करतेस. आधी बिचकली, आता तीही तिला उलट विचारतात. ती चुणचुणीत मुलगी तर मलाच विचारती झाली, "मॅडम, भिंतीवरचं ते वाक्य पुसायचं का?" मी म्हटलं, "राहू दे. पण त्याखाली बसून मुलांना झाडूची गोष्ट सांगायची." रोज कुणी ना कुणी सांगतं. प्रत्येक वेळी तुझा पट्टा थोडा मोठा होतो, हे तुला आधीच सांगून ठेवते.

आता आज सकाळचं. घरातल्या पोरांना उठवायची माझी रीत तुला ठाऊक आहे. वहिनी म्हणाली, "ती पाहुणी आहे, तिला तरी सोडा." म्हटलं, पाहुणी दोन दिवसांची, नंतर घरचीच. गेले खोलीत. खिडकी उघडी टाकून झोपली होती. आपल्याकडच्या गारठ्याला ती उन्हाळा म्हणते, पण पहाटे अंगाची मुटकुळी करून पडली होती, आणि पाय पलंगाबाहेर, उघडे. सवयीने हात पांघरुणाला गेला.

ओढलं. पण खालच्या बाजूला, तिच्या पायांवर. नीट खोचलं, खिडकी लावली, आणि खोलीतला केर तसाच ठेवून चहा टाकायला गेले.

आत्या